गुरुवारचा हातमोजा

मी एक पांढरा हातमोजा बोलतोय. उजव्या हाताचा. जोडीतला डावा कुठे गेला ते मला माहीत नाही, आणि त्याची आठवण काढत बसायची मला हौसही नाही. सध्या मुक्काम सिडनीत, लोर्नामावशीच्या नाटक कंपनीच्या पत्र्याच्या पेटीत, पिठाच्या डब्याशेजारी. काल पेटीवर एक पत्र येऊन पडलं, माझ्याच संबंधात. त्या पत्रामुळे मला आज तोंड उघडावं लागतंय. हातमोज्याला तोंड असतं का, असं विचारू नका. मनगटाकडची बाजू मग कशासाठी असते?

आधीच एक सांगून ठेवतो. मोडकी खुर्ची किंवा फाटकी छत्री आपली कहाणी सांगायला बसते तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशी तिची इच्छा असते. माझी तशी इच्छा नाही. मी ज्या घरांतून फिरलो तिथे पाणी आधीच भरपूर सांडून झालंय.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यातला. चांगलं दाट सुती कापड, पाठीवर तीन उभ्या शिवणी, मनगटाला मोत्याचं बटण. ज्या बाईनं मला शिवलं तिचे हात भेगाळलेले होते. असे हातमोजे घालायची वेळ तिच्यावर कधी आली नसणार. एका पातळ कागदात गुंडाळून आम्हा दोघांना आगगाडीनं पार आत, गवतही धड उगवत नाही अशा मुलखात पाठवलं. तिथे गिजी बेंड नावाची वस्ती होती. नदीच्या वळणावर सरकारनं देशातल्या मूळच्या आदिवासींना आणून बसवलं होतं आणि भोवती कुंपण घातलं होतं. वस्ती सरकारी, पण सगळे तिला मिशनच म्हणत. मिशनवर एक मॅनेजर होता, आणि मॅनेजरला एक बायको होती. मिसेस ऑल्ड्रिज. वस्तीतले लोक तिला मेट्रनबाई म्हणत. मी तिचा झालो.

मेट्रनबाईंना मी लागायचो आठवड्यातून एकदाच, गुरुवारी सकाळी. गुरुवार हा तपासणीचा दिवस. बाई मला बोटाबोटातून नीट ओढून घालायच्या, बटण लावायच्या आणि वस्तीतल्या प्रत्येक घरात शिरायच्या. दार वाजवायची पद्धत नव्हती. आत गेल्यावर बोलायच्या नाहीत. माझी तर्जनी उचलायच्या आणि फळीवरून, खिडकीच्या कडेवरून, दाराच्या चौकटीच्या वरच्या अंगावरून सावकाश फिरवायच्या. मग बोट डोळ्यांसमोर धरायच्या. घरातली बाई, आजी, मुलं सगळी भिंतीला लागून उभी असायची आणि त्या सगळ्यांचे डोळे माझ्यावर असायचे.

बोटावर धूळ दिसली की बाई मला काढून बाजूला ठेवायच्या, कारण हातमोजा घालून त्यांना पेन्सिल धरता येत नसे. वही उघडायच्या आणि लिहायच्या. त्या वहीत नाव गेलं की पुढे काय होतं ते वस्तीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. कल्याण खात्याची गाडी यायची आणि पोरं उचलून न्यायची. 'घरात अस्वच्छता, मुलांची हेळसांड.' आमच्या मुलखात कल्याण हा शब्द कानावर पडला की आया पोरांना घेऊन नदीकाठच्या झुडपांत पळायच्या.

घरं कसली, सपाट केलेल्या रॉकेलच्या डब्यांच्या झोपड्या त्या. पण काय त्यांची निगा. वारुळाची माती कुटून, पाणी मारून, चोपून केलेली जमीन. पायाला गार लागेल अशी. भिंतींना पिठाच्या खळीनं चिकटवलेली वर्तमानपत्रं, आणि फळ्यांच्या कडेला त्याच कागदाची कातरून केलेली जाळी. अंगण रोज पहाटे झाडाच्या फांदीनं झाडलेलं. मेट्रनबाईंच्या स्वतःच्या बंगल्यात सोफ्याखाली मी काय काय पाहिलंय ते सांगत नाही, पण तिथे माझं बोट कधी फिरलं नाही.

या वस्तीत लोर्ना नावाची सात वर्षांची मुलगी होती. तिची बहीण डेझी अकराची. त्यांच्या आईचं नाव मी घेणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव या लोकांत घेत नाहीत, आणि इतकी वर्षं त्यांच्यात काढल्यावर तेवढं मला कळतं. ती आई म्हणजे वस्तीतली सगळ्यांत टापटीप बाई. दीड वर्ष मी तिच्या घरात दर गुरुवारी फिरलो आणि दर गुरुवारी स्वच्छ बाहेर आलो. मेट्रनबाईंना त्याचा फार राग यायचा. तोंडानं त्या "छान" म्हणायच्या आणि माझ्या आत त्यांची मूठ वळायची.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. एप्रिल महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी पश्चिमेकडून तांबडं वादळ उठलं. तासभर दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. वादळ ओसरलं आणि मेट्रनबाईंनी मला हातात चढवलं. त्यांचा नवरासुद्धा म्हणाला, "आज राहू दे." बाई म्हणाल्या, "आज तर जायलाच हवं."

लोर्नाच्या आईचं तेव्हा अर्धंच घर पुसून झालं होतं. एक हात फडक्यात, दुसरा बादलीत. बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. सरळ दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मी तांबडा झालो. त्या मातीचा डाग माझ्या तर्जनीच्या शिवणीत अजून आहे.

बाईंनी मला काढून खिडकीच्या कडेवर ठेवलं आणि वही उघडली. लिहायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढ्यात एक छोटा हात आला आणि मला झग्याच्या आत घेऊन गेला. एका लहान छातीवर मी पडलो होतो आणि ती छाती भात्यासारखी चालली होती. लोर्नानं मला पळवलं होतं. तिचा हिशोब साधा होता. हातमोजाच नसेल तर तपासणी कशी करणार?

बाईंनी दुसऱ्या दिवशी वस्ती उलटीपालटी केली. मी सापडलो नाही. पुढच्या गुरुवारी त्यांच्या हातात नवी जोडी होती. आणि त्याच्या पुढच्या सोमवारी गाडी आली आणि डेझीला घेऊन गेली. तिची आई गाडीमागे कुंपणापर्यंत धावली. कुंपणाबाहेर जायला मॅनेजरची चिठ्ठी लागायची, ती तिच्याकडे नव्हती.

लोर्नानं त्या दिवशी मला साखरेच्या पाकाच्या रिकाम्या डब्यात कोंबलं, झाकण दाबून बसवलं आणि डबा चुलीमागे पुरला. सात वर्षांच्या पोरीला जे कळायचं ते कळलं होतं. तिनं चोरी केली, म्हणून तिच्या बहिणीला नेलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. आई मात्र त्या दिवसापासून दाराची चौकट पुसत राहिली. रोज, दिवसातून तीन-चार वेळा, मरेपर्यंत. तपासण्या बंद झाल्या, मॅनेजर गेला, कुंपण पडलं, तरी तिचा हात वर जायचाच.

डब्यात मी कितीतरी वर्षं होतो. अंधारात माणसाला पश्चात्ताप होतो म्हणतात. मला आधी राग आला. मी सुती कापड आहे, मला कुणी विचारलं होतं का? मग कधीतरी राग माझ्याकडेच वळला. साक्ष तर माझ्याच बोटानं दिली होती ना.

आई गेल्यावर लोर्नानं डबा उकरून काढला आणि सिडनीला येताना ट्रंकेच्या तळाशी टाकला. उघडला मात्र नाही. तोवर ती तिशीला आली होती. लोकरीच्या हंगामात मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीला जेवण रांधून झालं, डबाबंद फळांच्या कारखान्यात फळं सोलून झाली. बोलायला मोठी फाकडी. बसमधल्या माणसाची नक्कल केली तर त्याची आईही फसावी. कुणीतरी म्हणालं, टीव्हीवाले आदिवासी बाया शोधतायत, जाऊन तर बघ. ती गेली.

काम मिळालं. संवाद नव्हता. दारू पिऊन फुटपाथवर पडायचं, पोलीस उचलतो, संपलं. लोर्ना नवा निळा झगा घालून, केस विंचरून वेळेवर हजर झाली. दिग्दर्शकानं तिला वरून खाली न्याहाळलं आणि रंगवणाऱ्या मुलीला म्हणाला, "या फारच स्वच्छ दिसतात. जरा माती लावा."

ती मुलगी बिचारी डबीतली माती बोटावर घेऊन आली. लोर्ना तिच्या बोटाकडे बघत राहिली. मग उठली आणि आपली पर्स घेऊन चालू लागली. दारात थांबून तिनं दिग्दर्शकाला विचारलं, "आमच्या घरात धूळ सापडेना की तुम्ही खिशातून घेऊन येता होय?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा उघडला. मी उजेडात आलो. चुरगळलो होतो आणि मला पाकाचा वास येत होता. तिनं मला बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता चुलीत जाणार. ती म्हणाली, "चल. तुला कामाला लावते."

नाटकाचं नाव 'तपासणी'. कंपनीत माणसं मोजून पाच, तालमीला चर्चमागची एक खोली. लोर्ना मेट्रनबाई झाली. चेहरा पांढरा करायला रंग आणायचा कुठून, म्हणून तिनं सरळ मैद्याचं पीठ घेतलं आणि ओल्या तोंडावर थापलं. तिच्या चुलत बहिणीचा मुलगा क्लॅरी, दरवाजातून आत यायला आडवं व्हावं लागेल एवढा धिप्पाड गडी, तो झोपडीतला बाप झाला. तपासणी चालू असताना धूळ उडू नये म्हणून हा बाप श्वास रोखून धरतो आणि शेवटी निळा पडून धाडकन आडवा होतो. मेट्रनबाई त्याच्या अंगावरून पलीकडे जाते आणि त्याच्या पोटावरूनही बोट फिरवून बघते.

खरी गंमत पुढे आहे. घर इतकं लख्ख की बाईला धूळ मिळेना. ती घामाघूम होते. वाकून वाकून शोधते आणि तिच्या तोंडावरचं पीठ फळीवर, टेबलावर, जमिनीवर गळायला लागतं. सगळ्या घरभर तिचंच पीठ. त्याच्यावरून ती मला फिरवते आणि बोट उंच धरते. पांढऱ्यावर पांढरं. काहीच दिसत नाही. मग ती पर्स उघडते आणि घरून पुरचुंडीत बांधून आणलेली तांबडी माती स्वतःच चौकटीवर भुरभुरते.

पहिल्या प्रयोगात मी विंगेतून आधी एकटाच आत गेलो. नुसता हात. दुसऱ्या रांगेत गिजी बेंडच्या चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या. मला बघताच त्या ताठ झाल्या. एकीनं झगा गुडघ्यांवर ओढून घेतला, एकीनं शेजारणीच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं. आणि एक मावशी उठली, तरातरा रंगमंचावर चढली, गळ्यातला रुमाल काढून टेबल खसाखसा पुसलं आणि परत जागेवर जाऊन बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. क्लॅरी भूमिका सोडून म्हणाला, "मावशी, तो कोपरा राहिला." आधी ती हसली. मग सगळं सभागृह हसलं. तीस वर्षं घशात अडकलेलं हसू होतं ते, बाहेर पडताना त्यानं डोळ्यांनाही वाट करून दिली. तेव्हापासून एक म्हातारी रोज प्रयोगात येऊन टेबल पुसते, तो नाटकाचाच भाग झालाय.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण हातावर चढावं.

पण या नाटकाला शेवट नव्हता. मेट्रनबाई वही उघडते, अंधार. बस. क्लॅरी वर्षानुवर्षं लोर्नाच्या मागे लागला होता. "मावशे, गाडी दाखव ना. लोकांना कळू दे पुढं काय झालं."

"ती गोष्ट माझी नाही," लोर्ना म्हणायची. "डेझीची आहे. तिनं दिल्याशिवाय मी सांगायची नाही." या लोकांत गोष्टीलाही मालक असतो. ज्याच्यावर गुदरली त्यानं हातात ठेवल्याशिवाय ती उचलायची नाही. क्लॅरीला हे कळायचं, म्हणून तो गप्प बसायचा. मला मात्र दुसरंही कारण ठाऊक होतं. डेझीकडे गोष्ट मागायची म्हणजे चोरी कबूल करावी लागणार होती.

डेझी परत आली होती, पण वीस वर्षांनी. मुलींना धुणीभांडी शिकवणाऱ्या सरकारी वसतिगृहात गेली, तिथून मोठ्या लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून. आली ती अनोळखी होऊन. आईच्या घरी दोन दिवस राहिली, दोन्ही दिवस फळ्या पुसत होती. मग समुद्राकाठी एका गावात जाऊन राहिली. नाताळला कार्ड पाठवायची. नाटक तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी गिजी बेंडजवळच्या शहराला दीडशे वर्षं झाली. नगरपालिकेनं सोहळा करायचं ठरवलं. सोहळा समितीच्या मिसेस विलोबी स्वतः तालमीच्या खोलीत आल्या. टोपी, मोत्यांची माळ, आणि आवाजात लहान मुलांशी बोलतात तसा गोडवा.

"आम्हाला तुमचं काहीतरी पारंपरिक हवंय," त्या म्हणाल्या. "अंगावर रंग, हातात भाले, असं. पंधरा मिनिटं पुरे."

"भाले आमच्या गाडीत मावत नाहीत, बाई," क्लॅरी म्हणाला. "आणि मी उघडा झालो तर पंधरा मिनिटं तुम्हाला फार होतील."

लोर्नानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. "परंपरा आहे की आमच्याकडे," ती म्हणाली. "फार जुनी. तुमच्याच गावाजवळची. दर गुरुवारी व्हायची."

"अय्या, खरंच? नाचाची?"

"हाताची."

मिसेस विलोबींनी वहीत लिहून घेतलं. कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं, 'आदिवासींचा पारंपरिक गुरुवार-विधी, दुपारी तीन वाजता.'

प्रयोगाच्या दिवशी जेवणं झाल्यावर लोर्ना नगरपालिकेच्या सभागृहामागच्या खोलीत आरशासमोर बसली होती. पीठ कालवून ठेवलेलं, मी टेबलावर. दार उघडलं आणि एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई आत आली. आत येता येता तिचं बोट आपोआप आरशाच्या कडेवरून फिरलं. तिनं बोट बघितलं आणि पर्समधला रुमाल काढून पुसलं. मी ओळखलं. लोर्नानं तर त्याच्या आधीच ओळखलं होतं.

"पत्रिका आली घरी," डेझी म्हणाली. "म्हटलं, हा कुठला विधी बाई, जो मला ठाऊक नाही?" मग तिची नजर माझ्यावर पडली. "हा तिचा?"

"तिचाच."

"तुझ्याकडे कसा?"

लोर्नाचा चेहरा अर्धा पांढरा झाला होता आणि अर्धा उघडा होता. सहाशे प्रेक्षकांसमोर न अडखळणारी बाई कालवलेल्या पिठात बोट फिरवत राहिली. "मी चोरला, ताई," ती म्हणाली. "ती लिहीत होती तेव्हा. मला वाटलं, हा नसला की तपासणी होणार नाही. आणि मग तुला नेलं. माझ्या चोरीची शिक्षा तू भोगलीस. मी कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही."

डेझी स्टूल ओढून बसली. मला उचललं आणि माझी तर्जनी उलटून तो तांबडा डाग पाहिला. मग मला मांडीवर ठेवून तिनं पर्स उघडली आणि त्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

"दोन वर्षांपूर्वी मी खात्याकडे अर्ज करून माझी फाईल मागवली," ती म्हणाली. "वाच. तारीख वाच."

"बारा फेब्रुवारी."

"वादळ कधी झालं?"

"एप्रिलात."

"पुढं वाच."

लोर्नानं वाचलं. "'वय अकरा. प्रकृती उत्तम. घरकामाच्या शिक्षणास योग्य. हलवण्यास मंजुरी.'" ती थांबली. "यात धुळीचं काहीच नाही."

"नाहीच. त्यांना मोलकरणी हव्या होत्या, लोर्ना. यादी दोन महिने आधी झाली होती. आई सोन्याच्या फळ्या करून बसली असती तरी मला नेणारच होते. ती बाई बोट फिरवत होती तेव्हा माझं नाव तिच्या कपाटात सहीशिक्क्यानिशी पडलं होतं."

"म्हणजे ते सगळं..."

"नाटक," डेझी म्हणाली. "तू तिच्याहून बरं करतेस म्हणे, एवढंच."

लोर्ना हसली आणि रडली, आणि तोंडावरच्या पिठाची खळ झाली. "आईला कळायला हवं होतं," ती म्हणाली. डेझीनं मान हलवली.

माझी अवस्था कुणी विचारली नाही, पण सांगतो. पन्नास वर्षं मी स्वतःला साक्षीदार समजत होतो, गुन्हेगार समजत होतो. आणि मी होतो काय? नाटकातलं सामान. पहिल्या दिवसापासून. मला असा राग आला की शिवणी उसवतील असं वाटलं. त्या रागानं फार बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

बाहेर घंटा झाली. डेझी उठली. "गोष्ट मागायला तू कधी आली नाहीस. आता मीच देते. घे. पण शेवट मी करणार. मला पहिल्या रांगेत बसव."

सभागृह भरलं होतं. पुढे समिती, मागे गाव, आणि डावीकडे दाराजवळ गिजी बेंडची सगळी मंडळी. मी विंगेतून आत गेलो. आदिवासी बायका हसल्या, टाळ्या पडल्या, एक मावशी टेबल पुसून गेली. समितीतल्या लोकांना भाले कधी येतात ते कळेना. लोर्नाची मेट्रनबाई त्या दिवशी अशी काही पेटली होती की क्लॅरी खरोखरच श्वास घ्यायला विसरला. ती पायऱ्या उतरून प्रेक्षकांत आली. खुर्च्यांच्या पाठी, टोप्यांच्या कडा, एका साहेबांचा चष्मा, सगळ्यांवरून मी फिरलो. मिसेस विलोबींची माळ बोटानं उचलून पाहिली. त्या कसनुसं हसल्या.

मागून एक म्हातारा उभा राहिला. "जुनं उकरून काय मिळतं तुम्हाला?"

"अगदी बरोबर," मेट्रनबाई म्हणाली. "उकरू नका. धूळ उडते."

काही लोक उठून गेले. दार दोनदा आपटलं. लोर्ना थांबली नाही. चालत चालत ती पहिल्या रांगेत डेझीपुढे आली आणि नेहमीसारखी वही उघडली. "नाव?"

डेझी उभी राहिली. "आधी तो हातमोजा इकडे दे," ती म्हणाली. तिनं मला लोर्नाच्या हातातून काढलं, आपल्या हातात चढवलं, बटण लावलं. अनेक घरांच्या फरश्या घासलेला हात होता तो. माझ्यात जेमतेम बसला. मग तिनं मेट्रनबाईचा दंड धरला, तिला पायऱ्या चढवून वर नेलं आणि उजेडात उभं केलं.

"आज माझी पाळी," ती म्हणाली आणि माझी तर्जनी लोर्नाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढली. बोट सगळ्या सभागृहाला दाखवलं. "काही दिसतंय?"

पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार.

"मेट्रनबाईंनाही दिसलं नाही," डेझी म्हणाली. "आता बोट नका बघू. हिचं तोंड बघा."

लोर्नाच्या पांढऱ्या चेहऱ्यावर बोटाएवढी एक काळी रेघ उमटली होती. ओली, चमकणारी, तिच्या स्वतःच्या कातडीची.

"ही माझी बहीण," डेझी म्हणाली. मग तिनं पर्समधला कागद काढला आणि तारखेपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचला. सही एका जुन्या सरकारी साहेबाची होती, आणि त्याचा फोटो त्याच सभागृहाच्या भिंतीवर टांगलेला होता. सगळ्यांच्या माना त्या फोटोकडे वळल्या. डेझी सावकाश तिथे गेली, टाचा उंचावल्या आणि त्या चौकटीच्या वरच्या कडेवरून मला फिरवलं.

मी काळा झालो. पन्नास वर्षांत तिथे कुणी फडकं मारलं नसावं. डेझीनं बोट उंच धरलं, आणि गिजी बेंडच्या म्हाताऱ्या हसायला लागल्या. पाच-दहा मिनिटं त्या थांबेनात. नाटकात मेलेला क्लॅरी उठून बसला आणि हसला. मिसेस विलोबी हसल्या नाहीत, पण जागेवरून उठल्याही नाहीत. तेवढं त्यांच्या नावावर लिहायला हरकत नाही.

आता ते पत्र. एका मोठ्या संग्रहालयातून आलंय. त्यांना मी हवाय. नाजूक हातांनी धुऊन, डाग काढून, काचेच्या कपाटात, मंद दिव्याखाली ठेवणार आहेत. खाली पाटी लागणार. लोक येतील, हळहळतील आणि कँटीनमध्ये चहाला जातील. लोर्नामावशीनं उत्तर लिहिलंय, मी वाचलंय. एकच ओळ आहे. 'तो कामावर आहे.'

माझंही तेच म्हणणं आहे. मला धुऊ नका. माझ्या तर्जनीवर एका एप्रिल महिन्याची तांबडी माती आहे, एका बहिणीचं पीठ आहे आणि एका नगरपालिकेचं काळं आहे. तिन्ही मला जपायची आहेत. मला काच नको, हात हवा. लोर्नाचा थकला की डेझीचा, डेझीचा थकला की आणखी कुणाचा. आता दोघी आळीपाळीनं मेट्रनबाई होतात, आणि कोण चांगली करते यावरून रोज भांडतात.

येत्या गुरुवारी पुढचं गाव आहे. कदाचित तुमचंच. आम्ही दार वाजवणार नाही. घाईघाईनं फळ्या पुसायच्या भानगडीत पडू नका. यादी आधीच तयार आहे.